सॉड५ नसलेला कॅन्डिडा पेरॉक्साइडच्या प्लेटवर मूळ स्ट्रेनइतकाच कसा वाढतो?

पेट्रीडिश

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा तपशिलात मांडतो, म्हणजे उलटतपासणीचा वेळ वाचेल.

कॅन्डिडा अल्बिकन्स या बुरशीचा सॉड५ जीन काढलेला म्युटंट (जीनच्या दोन्ही प्रती काढलेल्या) आणि त्याचा मूळ स्ट्रेन अशी जोडी आहे. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी बुरशी गिळतात, तिच्यावर सुपरऑक्साइड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतात, आणि बुरशी सॉड (सुपरऑक्साइड डिसम्युटेज), कॅटलेज या अँटिऑक्सिडंट एन्झाइमांच्या जोरावर तग धरते, असं पुस्तकात आहे. त्यामुळे म्युटंट हळवा निघायला हवा.

वायपीडी या पोषक माध्यमात ३० अंशाला रात्रभर कल्चर, सकाळी पीबीएस बफरने धुतलं, दहापटींनी विरळ करत वायपीडी अगारवर ५ मायक्रोलिटरचे ठिपके दिले. एका संचात पेरॉक्साइड २, ४ आणि ६ मिलिमोलर, दुसऱ्यात मेनॅडिओन १०० मायक्रोमोलर. ४८ तासांनी दोन्ही स्ट्रेन तंतोतंत सारखे. ६ मिलिमोलरला सर्वांत दाट ठिपका दोघांचाही भरगच्च, त्यानंतरचे ठिपके दोघांचेही गायब. पीसीआरने जीन नसल्याची खात्री झाली आहे.

मग हा जीन बिनकामाचा, की चाचणीत गोम आहे? आणि दुसरी शंका: सॉड सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतो. म्हणजे एक विष काढून दुसरं तयार केलं. त्यात बुरशीचा फायदा काय?

किण्वक

म्युटंट ठीक दिसतोय. तुमची चाचणी सॉड५ पर्यंत पोचतच नाही.

कॅन्डिडा अल्बिकन्सकडे सहा सॉड आहेत. सॉड१ पेशीद्रवात, तांबं-जस्तवाला. सॉड२ मायटोकॉन्ड्रियात, मँगनीजवाला. सॉड३ पुन्हा पेशीद्रवात, पण मँगनीजवाला. सॉड४, ५ आणि ६ हे तिघे पेशीच्या बाहेर, जीपीआय या स्निग्ध-शर्करा नांगराने भित्तीला अडकलेले. २०१४ मध्ये सॉड५ ची स्फटिकरचना प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं की त्यात जस्त नाहीच, नुसतं तांबं आहे, आणि तांब्याची जागा बऱ्यापैकी उघडी आहे.

आता तुमच्या दोन रसायनांकडे बघा. पेरॉक्साइड हे सॉडचं खाद्यच नव्हे. तिथे कॅटलेज, ग्लुटाथायोन आणि थायोरेडॉक्सिनची यंत्रणा काम करते, आणि ती चालू करतो कॅप१ हा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. पेरॉक्साइड प्लेटवर कॅटलेजचा किंवा कॅप१ चा म्युटंट ठेवा, लगेच आडवा होईल. मेनॅडिओन सुपरऑक्साइड करतो खरा, पण पेशीच्या आत. सुपरऑक्साइडवर ऋण भार असल्यामुळे तो पडदा सहजी ओलांडत नाही, जिथे जन्मला तिथेच राहतो. थोडक्यात, तुम्ही वेशीवरचा पहारेकरी काढलात आणि चोर थेट स्वयंपाकघरात सोडलात. तिथला राखणदार सॉड१, तो जागेवर आहेच. सॉड१ चा म्युटंट मेनॅडिओनवर हळवा निघतो. तो मिळत असेल तर धन-नियंत्रण (ज्यात फरक दिसायलाच हवा असा नमुना) म्हणून लावाच, नाहीतर प्लेट चालली की नाही हेच कळत नाही.

तिसरी गोष्ट याहून मोठी. सॉड५ यीस्ट रूपात जवळपास बंद असतो, हायफा (लांब तंतू) फुटायला लागला की चालू होतो. ३० अंशाला वायपीडीत वाढवलेल्या गोल पेशींमध्ये तो मूळ स्ट्रेनमध्येही फारसा नव्हता. नसलेल्या दोघांची तुलना केल्यावर फरक कुठून दिसणार?

तुमची दुसरी शंका रास्त आहे. न्यूट्रोफिल बुरशीला गिळतो तेव्हा त्याचं एनएडीपीएच ऑक्सिडेज फॅगोसोमच्या (गिळलेल्या बुरशीभोवतीच्या पिशवीच्या) आत, म्हणजे बुरशीच्या बाहेर, सुपरऑक्साइड ओततं. पेरॉक्साइड पडद्यातून आत शिरतो, पण आत कॅटलेज आणि थायोरेडॉक्सिन त्याची वाट बघत असतात. सुपरऑक्साइड मात्र बाहेरच राहून नायट्रिक ऑक्साइडशी मिळाला तर पेरॉक्सिनायट्राइट होतो, आणि त्याला आवरणं जड जातं. ज्याच्यावर आपल्याकडे इलाज आहे असं विष पत्करायचं, असा हा व्यवहार आहे. मात्र पेरॉक्साइड आवरणारा आतला संच शाबूत असेल तरच तो परवडतो.

अगारवाला

किण्वक यांच्याशी सहमत. प्लेटबद्दल थोडं, कारण ६ मिलिमोलरला दाट ठिपका भरगच्च आणि पुढचे गायब, हे चित्र ओळखीचं आहे. दाट ठिपक्यात हजारो पेशी मिळून आपल्या कॅटलेजने त्या जागेचा पेरॉक्साइड संपवतात आणि मग निवांत वाढतात. विरळ ठिपक्यात ती सामूहिक सोय नसते. त्यामुळे ओ.डी.च्या (द्रावणाच्या गढूळपणाच्या मापाच्या) भरवशावर राहू नका, हिमोसायटोमीटरने पेशी मोजा. मिलिलिटरला १० लाख पेशींपासून सुरुवात करून तीन वेळा दहापट विरळ करा. ५ मायक्रोलिटरच्या ठिपक्यात मग अंदाजे ५०००, ५००, ५० आणि ५ पेशी पडतात. फरक दिसतो तो शेवटच्या दोन ठिपक्यांत.

रात्रभराचं कल्चर स्थिर अवस्थेत गेलेलं असतं आणि स्थिर अवस्थेतल्या पेशी मुळातच चिवट. सकाळी ताज्या माध्यमात ०.१ ओ.डी.ला सोडून ०.५ ते ०.८ पर्यंत वाढू द्या आणि मग वापरा.

पेरॉक्साइडची बाटली किती जुनी आहे? ३० टक्के वजनी द्रावण ताजं असताना साधारण ९.८ मोलर असतं. ५०० मिलिलिटर अगारमध्ये ४ मिलिमोलर हवं तर २०४ मायक्रोलिटर लागतात. पण उघडून महिनोन्महिने फ्रिजमध्ये पडलेल्या बाटलीवर हा हिशेब चालत नाही. हजारपट विरळ करून २४० नॅनोमीटरला क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये शोषण बघा. गुणांक ४३.६ प्रति मोलर प्रति सेंमी. ताज्या बाटलीचं शोषण ०.४३ च्या आसपास येतं. ०.३० आलं तर तुमची बाटली ६.९ मोलर आहे आणि "६ मिलिमोलर" म्हणून ओतलेलं प्रत्यक्षात ४ च्या जवळ होतं. प्लास्टिकची क्युव्हेट नको, ती या तरंगलांबीला स्वतःच प्रकाश खाते.

अगार ५० अंशाच्या आसपास आल्यावर, म्हणजे फ्लास्क हातात धरवेल तेव्हा पेरॉक्साइड घाला, न फेसाळता फिरवा, ओता, अर्धा तास सुकवा आणि त्याच दिवशी वापरा. मेनॅडिओनच्या प्लेट अंधारात ठेवा आणि तो ज्या इथेनॉलमध्ये विरघळवला तेवढंच इथेनॉल नियंत्रण प्लेटमध्येही घाला. किमान माध्यम घेणार असाल तर फॉस्फेट आणि अगार एकत्र ऑटोक्लेव्ह करू नका. त्या उष्णतेत माध्यमातच थोडा पेरॉक्साइड तयार होतो. दोन फ्लास्क वेगळे ऑटोक्लेव्ह करून नंतर मिसळा.

आणखी एक. वायपीडीत २ टक्के ग्लुकोज असतं, म्हणजे डेसिलिटरला २००० मिलिग्रॅम. निरोगी माणसाच्या उपाशीपोटी साखरेच्या वीसपट. ग्लुकोज मिळालं की कॅन्डिडा पेरॉक्साइडला अधिक चिवट होतो, हे रक्तातल्या पातळीच्या ग्लुकोजलाही दाखवलं गेलंय. दोन माध्यमांतले आकडे एका तक्त्यात बसवताना हे ध्यानात ठेवा.

पेट्रीडिश

दोघांचेही आभार. बाटलीचं शोषण बघतो.

मग सॉड५ साठी सुपरऑक्साइड बाहेरून द्यायचा कसा? झँथिन आणि त्यापासून सुपरऑक्साइड करणारं झँथिन ऑक्सिडेज हे एन्झाइम वापरतात असं वाचलंय. त्याने भागेल, की न्यूट्रोफिल लागतीलच? आणि आतलं ऑक्सिडेटिव्ह ओझं डीसीएफने मोजलं तर चालेल का? तो डाय प्रयोगशाळेत आहे.

किण्वक

झँथिन ऑक्सिडेजने सुरुवात करा, पण निर्णय न्यूट्रोफिलवरच घ्या.

आधी हायफा. आरपीएमआय १६४० या पेशी-माध्यमात १० टक्के सीरम, ३७ अंश, ६० ते ९० मिनिटं. दर २० मिनिटांनी मायक्रोस्कोपखाली बघा. पेशीला एकच नळी फुटलेली आणि गुंता झालेला नाही, तो क्षण पकडायचा. जास्त वेळ ठेवलंत तर गठ्ठे होतात, एका गठ्ठ्याची एकच वसाहत उठते आणि वसाहती मोजणं निरर्थक होतं. आरपीएमआयच्या घटकांत तांबं नाही. सॉड५ बाहेर पडताना रिकामा असला तरी बाहेरचं तांबं उचलून चालू होऊ शकतो, म्हणून सीरम वगळून "शुद्ध" माध्यम करायच्या भानगडीत पडू नका. माध्यमात तांबंच नसेल तर मूळ स्ट्रेनही म्युटंटसारखा वागेल.

झँथिन ऑक्सिडेजचं प्रमाण बाटलीवरच्या युनिटवरून ठरवू नका. ५० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७.८, १० मायक्रोमोलर सायटोक्रोम सी, ५० ते १०० मायक्रोमोलर झँथिन. यात एन्झाइम इतकंच घाला की ५५० नॅनोमीटरला शोषण मिनिटाला ०.०२५ ने वाढेल (सुपरऑक्साइड सायटोक्रोम सीला क्षपित करतो, तेच इथे दिसतं). हा मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांच्या १९६९ च्या सॉड चाचणीचा ठोकताळा आहे. यात हायफा घातल्यावर वेग पडला तर भित्तीवरचा सॉड काम करतोय, आणि मूळ स्ट्रेन व म्युटंट यांचा फरक थेट इथेच दिसायला हवा. उकळलेल्या हायफांचं नियंत्रण ठेवा. झँथिन ऑक्सिडेज बराच पेरॉक्साइड थेटही बनवतं, म्हणून जगण्या-मरण्याच्या प्रयोगात बाहेरून कॅटलेज घातलेली एक नळी हवी.

न्यूट्रोफिल रक्तातून काढायचे तर संस्थेच्या एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या. ती मिळेपर्यंत एचएल-६० या ल्युकेमियाच्या पेशी १.२५ टक्के डीएमएसओमध्ये पाच-सहा दिवस ठेवून न्यूट्रोफिलसारख्या करता येतात. पुण्याच्या एनसीसीएसमधल्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) पेशीसंग्रहाकडे चौकशी करा. त्यांचा ऑक्सिडेटिव्ह स्फोट (सुपरऑक्साइड-पेरॉक्साइडचा मारा) खऱ्या न्यूट्रोफिलपेक्षा दुबळा असतो, हे गृहीत धरून चाला. एका बुरशीपेशीमागे दहा न्यूट्रोफिल, १० टक्के सीरमने ऑप्सोनाइझ करून (म्हणजे गिळायला सोपी जावी म्हणून बुरशीवर प्रथिनांचा लेप चढवून), ३७ अंशाला दोन तास. नंतर पीएच ११ च्या डिस्टिल्ड पाण्याने न्यूट्रोफिल फोडा. साध्या पाण्याने ते नीट फुटत नाहीत आणि आत अडकलेली बुरशी मोजणीत येत नाही.

सर्वांत महत्त्वाचं नियंत्रण डीपीआय, १० मायक्रोमोलर. ते एनएडीपीएच ऑक्सिडेज बंद पाडतं. डीपीआय घातल्यावर म्युटंट आणि मूळ स्ट्रेन सारखे झाले, तरच फरक ऑक्सिडेटिव्ह हल्ल्यामुळे होता असं म्हणायचं. तरीही फरक उरला तर कारण दुसरं आहे, बहुधा भित्तीतला काही बदल.

डीसीएफवर फार विसंबू नका. तो सुपरऑक्साइड ओळखत नाही, पेरॉक्साइडशीही थेट नीट जुळत नाही, लोह आणि पेरॉक्सिडेजवर त्याची चमक ठरते. न्यूट्रोफिलचा स्फोट बघायचा तर ल्युमिनॉल घ्या, फक्त पेशीबाहेरचा हवा असेल तर आयसोल्युमिनॉल आणि हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज. फिनॉल रेड नसलेलं माध्यम वापरा, तो रंग प्रकाश गिळतो. आणि जिवंतपणा एक्सटीटी या रंगचाचणीने मोजू नका. सुपरऑक्साइड एक्सटीटीला थेट क्षपित करतो, म्हणजे मेलेल्या बुरशीशेजारी न्यूट्रोफिल पेटलेला असला तरी कप नारिंगी होईल. न्यूट्रोफिल फोडून, धुऊन, मग रेझाझ्युरिन हा जिवंतपणा दाखवणारा डाय.

सॉड५ एकट्याने फरक फिका आला तर दचकू नका. सॉड४ त्याची जागा काही प्रमाणात भरून काढतो. सॉड४ आणि सॉड५ दोन्ही काढलेल्या म्युटंटमध्ये मॅक्रोफेजसोबत फरक स्पष्ट दिसतो. म्युटंट युरा३ या निवडीच्या मार्कर जीनने केला असेल तर युरा३ जीनोममध्ये कुठे बसलाय ते बघा. जागेप्रमाणे त्याची अभिव्यक्ती बदलते आणि दोष सॉडच्या माथी येतो. जीन परत घातलेला स्ट्रेन नसेल तर परीक्षक पहिला प्रश्न तोच विचारतील.

तिरकस_स्पोअर

जरा विरुद्ध बाजूने. "अँटिऑक्सिडंट एन्झाइम म्हणजे रोगकारकता" हे समीकरण प्रबंधात ठोकून देण्याआधी थांबा. बुरशीबुरशीत ते वेगवेगळं निघतं.

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीजमध्ये एनएडीपीएच ऑक्सिडेज जन्मतःच निकामी असतं आणि अशा मुलांना अ‍ॅस्परजिलस ही बुरशी हमखास गाठते. जुनं स्पष्टीकरण असं होतं की ज्यांच्याकडे कॅटलेज आहे असेच जंतू या मुलांना छळतात, कारण बाकीचे स्वतःच्याच पेरॉक्साइडने न्यूट्रोफिलला हत्यार पुरवतात. १९९८ मध्ये कॅटलेज नसलेला अ‍ॅस्परजिलस निड्युलन्स तशाच उंदरांना दिला. तो मूळ स्ट्रेनइतकाच घातक निघाला. क्रिप्टोकॉकस या बुरशीत चारही कॅटलेज काढली, उंदरांत काही फरक पडला नाही. त्याच क्रिप्टोकॉकसमध्ये टीएसए१ हे पेरॉक्सिरेडॉक्सिन काढलं तर मात्र रोगकारकता घटते. २०१० मध्ये अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटसची तीन सॉड एकदम काढली. तो म्युटंट मेनॅडिओनला हळवा झाला, पण उंदरांत रोगकारकता शाबूत.

याउलट हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी. त्याचा बाहेर सोडला जाणारा सॉड३ काढला की तो स्फोटात टिकत नाही, आणि एनएडीपीएच ऑक्सिडेज नसलेल्या उंदरांत तोच म्युटंट पुन्हा जोर धरतो. पुरावा असा लागतो, हल्ला काढून घेतल्यावर दोषही नाहीसा होणारा.

उंदराचं मॉडेलही तपासा. सायक्लोफॉस्फामाइडने न्यूट्रोफिलच संपवलेले असतील तर ढाल असली काय आणि नसली काय. स्टेरॉइडच्या मॉडेलमध्ये न्यूट्रोफिल असतात, तिथे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

प्रमाणाबद्दलही थोडं. आपण प्लेटवर मिलिमोलर ओततो. विंटरबर्न यांच्या गटाच्या २००६ च्या गणिती मॉडेलमध्ये न्यूट्रोफिलच्या फॅगोसोममध्ये सुपरऑक्साइड २५ मायक्रोमोलरच्या आसपास, आणि पेरॉक्साइड जेमतेम काही मायक्रोमोलर. कारण मायलोपेरॉक्सिडेज तो तयार झाल्या झाल्या क्लोराइडशी जोडून हायपोक्लोरस आम्ल करतं. त्या आम्लापुढे सॉड आणि कॅटलेज दोघांचाही उपयोग नाही, तिथे ग्लुटाथायोनसारखे थायोल खर्ची पडतात.

वॉर्ड_नं_७

दवाखान्याच्या बाजूने दोन मुद्दे.

मायलोपेरॉक्सिडेज जन्मतः कमी असलेली बहुतेक माणसं ठणठणीत असतात, कित्येकांना ते आयुष्यभर कळतही नाही. ज्यांना त्रास होतो त्यांत कॅन्डिडा पुढे असतो आणि सोबत बहुधा मधुमेह. वर ग्लुकोजचा मुद्दा आला तो इथे जुळतो: जास्त साखरेत न्यूट्रोफिल मंदावतात आणि बुरशीची ढाल जाड होते.

पण हे सूत्र उचलून म्युकरला (तथाकथित काळ्या बुरशीला) लावू नका. २०२१ मध्ये महाराष्ट्रात कोविडनंतरच्या म्युकरचे रुग्ण ओळीने आले, मे महिन्यात केंद्राने राज्यांना तो अधिसूचित आजार करायला सांगितलं, तेव्हा समाजमाध्यमांवर "बुरशी अँटिऑक्सिडंटवर जगते, व्हिटॅमिन सी बंद करा" इथपर्यंत मजल गेली होती. म्युकरमध्ये कळीचा मुद्दा लोहाचा आहे. कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये रक्त आम्लीय झालं की ट्रान्सफरिनची (रक्तात लोह वाहणाऱ्या प्रथिनाची) लोहावरची पकड सुटते आणि मोकळं लोह ऱ्हायझोपसला (म्युकर करणाऱ्या बुरशीला) मिळतं. डायलिसिसच्या रुग्णांना डिफेरॉक्झामाइन दिल्यावर म्युकर वाढायचा तोही यामुळेच, कारण ऱ्हायझोपस त्या औषधाकडूनच लोह उचलतो. साखर आणि आम्लता आटोक्यात आणणं, स्टेरॉइड शक्य तितकं कमी करणं, कुजलेला भाग शस्त्रक्रियेने काढणं आणि अ‍ॅम्फोटेरिसिन, हाच रस्ता. आहारातल्या अँटिऑक्सिडंटचा इथे संबंध नाही.

पेट्रीडिश

खूप मुद्दे मिळाले. शेवटची शंका. बाहेरचा सॉड५ इतका वेगळा असेल तर त्याच्यावर औषध का नाही? आणि मूत्रपिंडातल्या संसर्गात तांबं कमी पडतं असं वाचलंय. मग तांब्यावर चालणारे सॉड तिथे उपाशीच राहत असतील ना?

किण्वक

औषधाची कल्पना आहे, दवाखान्यात पोचलेलं काही नाही. माणसाकडे जस्ताशिवाय नुसत्या तांब्यावर चालणारा सॉड नाही, म्हणून लक्ष्य आकर्षक वाटतं. अडचण मी वर सॉड४ च्या निमित्ताने सांगितलीच आहे, एक एन्झाइम रोखला तर दुसरा पुढे होतो.

तांब्याबद्दल तुमचं वाचन बरोबर आहे. उंदराच्या मूत्रपिंडात संसर्गाच्या सुरुवातीला तांबं वाढतं आणि पुढे घटतं. घटल्यावर कॅन्डिडा पेशीद्रवातला तांब्याचा सॉड१ कमी करून मँगनीजचा सॉड३ वर आणतो. तुमच्याकडेही हा पालट दिसू शकेल: बीसीएस हे तांबं धरून ठेवणारं द्रव्य माध्यमात घाला, पेशी फोडून नेटिव्ह जेल (प्रथिनं न बिघडवता वेगळी करणारं) चालवा, एनबीटी हा निळा होणारा डाय २.४५ मिलिमोलर, नंतर रायबोफ्लेविन २८ मायक्रोमोलर आणि टीमेड २८ मिलिमोलर, पीएच ७.८, आणि प्रकाशात ठेवा. जेल निळं होतं, सॉडच्या जागी पांढरे पट्टे राहतात. अर्धं जेल सायनाइडसह करा. तांब्याचा सॉड त्यात बंद पडतो, मँगनीजचा चालू राहतो. सायनाइड फक्त फ्यूम हूडमध्ये, द्रावण अल्कधर्मीच ठेवायचं, आम्लाच्या बाटल्यांपासून लांब, आणि एकट्याने नाही.

पेरॉक्साइड प्लेट फेकून देऊ नका. त्यावर कॅप१ किंवा कॅटलेजचा म्युटंट असेल तर ५ मिलिमोलर पेरॉक्साइड आणि १ मोलर मीठ एकत्र देऊन बघा. दोन्ही वेगवेगळं सोसणारा मूळ स्ट्रेनही त्या मिश्रणात कोसळतो, कारण मिठाचे आयन कॅटलेजला अडवतात आणि कॅप१ ला केंद्रकात साचू देत नाहीत. हा प्रयोग द्रव माध्यमात करा, एक तास, आणि लगेच विरळ करून साध्या प्लेटवर पसरा. मिठाच्या प्लेटवर वाढ आधीच मंद असते, तिथे मेलेलं आणि मंदावलेलं वेगळं ओळखू येत नाही.